सहाशे वॅटचा चार्जर आणि पावणेदोन तास

आमच्या सर्वेक्षण गटाकडे नकाशांसाठी हवाई फोटो काढणारा एक ड्रोन आहे. त्याची बॅटरी ६एस, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या सहा सेलची, १०,००० मिलीअँपिअर-अवरची लायपो (लिथियम-पॉलिमर). अशा चार बॅटऱ्या आम्ही आळीपाळीने वापरतो. एक उड्डाण २६ मिनिटांचं, आणि बॅटरी ३० टक्क्यांवर आली की ड्रोन खाली उतरवायचा हा नियम. बॅटरी बदलणं, मेमरी कार्ड बघणं आणि पुन्हा सोडणं यात पाच मिनिटं जातात. म्हणजे दर ३१ मिनिटांनी एक भरलेली बॅटरी हातात आली, तर ड्रोन दिवसभर थांबत नाही.

जुना चार्जर एका वेळी एकच बॅटरी भरायचा, म्हणून नवा घेतला. दोन चॅनलचा, म्हणजे एका वेळी दोन बॅटऱ्या भरणारा, आणि खोक्यावर ठळक अक्षरांत ‘६०० वॅट’. उड्डाणांचं वेळापत्रक आमच्या पायलटनेच बसवलं. त्याचं गणित असं: बॅटरीचा सरासरी व्होल्टेज २२.२, क्षमता १० अँपिअर-अवर, गुणाकार २२२ वॅट-अवर. २२२ भागिले ६०० म्हणजे ०.३७ तास, बावीस मिनिटं. सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीन, सावल्या आखूड असतात त्या सहा तासांत अकरा उड्डाणं सहज बसत होती.

पहिल्या दिवशी आठ झाली. चौथ्या उड्डाणानंतर भरलेली बॅटरीच शिल्लक नव्हती. त्यानंतर प्रत्येक जोडीसाठी वाट बघणं आलं. एकेक बॅटरी भरायला पावणेदोन तास लागत होते.

“दादा, हा पीस खराब आलाय,” पायलट संध्याकाळी म्हणाला. “सहाशेचा म्हणून घेतला. स्क्रीनवर दोन्हीकडे एकशेवीसच दिसतायत. परत करून टाकू.”

मी त्याला एक दिवस थांबायला सांगितलं. चार्जर खराब असेल तर आकडा वेडावाकडा येईल. दोन्ही चॅनलवर अगदी बरोबर १२०, तेही तासभर न हलता, हे बिघाडाचं लक्षण नव्हतं. कुणीतरी ठरवून लावलेली मर्यादा तशी दिसते.

खोक्याखालची ओळ

चार्जर उलटा केला की मागच्या पट्टीवर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं होतं. एसी इनपुट १०० ते २४० व्होल्ट, एसीवर एकूण आउटपुट २४० वॅट. डीसी इनपुट १० ते ३० व्होल्ट, कमाल २५ अँपिअर. डीसीवर आउटपुट ३०० वॅट गुणिले दोन. चार्जिंग करंट प्रत्येक चॅनलला जास्तीत जास्त १५ अँपिअर. डिस्चार्ज १० वॅट गुणिले दोन. बॅलन्स करंट १.२ अँपिअर प्रति सेल.

सहाशे हा आकडा खोटा नव्हता. तो डीसीचा, म्हणजे बॅटरीवरून किंवा वेगळ्या पॉवर सप्लायवरून चार्जर चालवतानाचा होता. भिंतीतल्या सॉकेटला वायर लावली की चार्जर स्वतःच्या पोटातला छोटा पॉवर सप्लाय वापरतो. तो त्याच डबीत बसवायचा आणि त्याच पंख्यावर थंड ठेवायचा, म्हणून त्याला २४० वॅटपेक्षा जास्त झेपत नाही. दोन्ही चॅनल चालू असले की हे २४० निम्मे-निम्मे वाटले जातात. प्रत्येकाच्या वाट्याला १२०. स्क्रीनवरचा आकडा हाच.

पुढचं गणित मी पायलटसमोर कागदावर मांडलं. वॅट म्हणजे व्होल्ट गुणिले अँपिअर. बॅटरी २३ व्होल्टवर असताना १२० वॅटमध्ये ५.२ अँपिअर मिळतात, ती २५ व्होल्टपर्यंत चढली की ४.८. धरून चालू, सरासरी पाच. ३० टक्क्यांवर उतरलेल्या बॅटरीत सात अँपिअर-अवर भरायचे आहेत. सात भागिले पाच, ८४ मिनिटं. शेवटी करंट आपोआप उतरत जातो आणि सेल एका पातळीला आणले जातात, त्याची वीसेक मिनिटं. बेरीज १०४. पायलटच्या वहीत पहिल्या चार्जिंगची नोंद १०५ मिनिटांची होती. त्याने वही पुन्हा एकदा बघितली आणि परत करण्याचा विषय तिथेच संपला.

खात्री म्हणून सॉकेटवर वीज मोजायचं मीटर लावलं. चार्जर भिंतीतून २७८ वॅट ओढत होता आणि बॅटऱ्यांना २४० देत होता. मधले ३८ वॅट उष्णता होऊन पंख्यातून बाहेर पडत होते. हा फरक नेहमी असतो आणि कोणत्या बाजूचे वॅट सांगितलेत हे बघितल्याशिवाय दोन चार्जरांची तुलना करता येत नाही. काही ठिकाणी छापलेला आकडा इनपुटचा असतो, काही ठिकाणी आउटपुटचा.

मला इथे एक गोष्ट मनापासून खटकते. एसीचा आणि डीसीचा आकडा एकाच आकाराच्या अक्षरांत शेजारी-शेजारी छापायला काहीही अडचण नाही. बहुतेक लोक चार्जर सॉकेटलाच लावणार हे बनवणाऱ्याला माहीत असतं. त्यांच्या उपयोगाचा आकडा मागच्या पट्टीवर आणि जो क्वचित गाठला जातो तो खोक्याच्या दर्शनी बाजूला, ही मांडणी बरोबर नाही.

बावीस मिनिटं कधीच मिळणार नव्हती

डीसीवर खरे सहाशे मिळाले असते, तरी पायलटचं गणित चुकलंच असतं. हे त्याला पटवायला जरा वेळ लागला.

पहिली गोष्ट, सहाशे हे दोन चॅनलचे मिळून. एका बॅटरीच्या वाट्याला फार तर ३००. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: बॅटरी किती घेऊ शकते हे चार्जर ठरवत नाही. आमच्या बॅटरीच्या लेबलवर पुढे मोठ्या अक्षरांत ‘२५सी’ लिहिलंय, म्हणजे क्षमतेच्या आकड्याच्या पंचवीसपट करंट. पायलट म्हणाला, “पंचवीस सी म्हणजे अडीचशे अँपिअर. मग पंधरा अँपिअरला काय घाबरायचं?” हा गैरसमज मी चांगल्या अनुभवी लोकांकडूनही ऐकलाय. तो २५सी म्हणजे बॅटरीतून बाहेर किती करंट काढता येतो, उडताना, त्याचा आकडा. आत भरताना किती द्यायचा हे त्याच लेबलच्या खालच्या कडेला वेगळं लिहिलेलं होतं: चार्ज १सी. १०,००० मिलीअँपिअर-अवरला १सी म्हणजे १० अँपिअर.

बाहेर काढणं आणि आत भरणं यांत इतका फरक का, याचं कारण सेलच्या आत आहे. चार्ज होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरत असतात. त्यांना शिरायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ दिला, तर ते आत जाण्याऐवजी पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. ती क्षमता कायमची जाते, आणि साचलेला धातू काट्यासारखा वाढत सेलच्या दोन ध्रुवांमधल्या पडद्याला भोक पाडू शकतो. सेल थंड असेल तर हे आणखी लवकर होतं, म्हणून शून्य अंशाखाली चार्ज करायचं नाही. खालचा तो १सी जपण्यासारखा आहे.

तर १० अँपिअर. पूर्ण भरलेल्या ६एसचा व्होल्टेज २५.२, म्हणजे सेलमागे ४.२. दहा गुणिले २५.२, २५२ वॅट. आमची बॅटरी कुठल्याही क्षणी यापेक्षा जास्त वॅट घेणारच नव्हती. ३०० वॅटचा चॅनल असो की हजारचा, तिच्यासाठी वरचं सगळं रिकामंच राहणार.

आणि हे २५२ सुद्धा जेमतेम थोडा वेळ. लायपो दोन टप्प्यांत भरते. आधी करंट स्थिर, व्होल्टेज चढत जातो. सेल ४.२ व्होल्टला टेकला की व्होल्टेज तिथेच धरून ठेवायचा आणि करंट उतरू द्यायचा. पहिल्या टप्प्यात वॅट हळूहळू वाढतात, दुसऱ्यात घसरतात. वॅट-अवरला वॅटने सरळ भागलं की हा दुसरा टप्पा हिशोबातून गळतो.

मी आता वेळेचा अंदाज वॅटवरून काढतच नाही. अँपिअरवरून काढतो. भरायचे अँपिअर-अवर भागिले प्रत्यक्ष मिळणारा करंट, आणि त्यावर पंधरा ते वीस मिनिटं. वॅट बघायचे ते फक्त एवढ्यासाठी की हवा तो करंट या व्होल्टेजला चार्जर देऊ शकतो का.

उलट दिशेनेही तेच गणित चालतं. आमच्याकडे ४एस बॅटरीचा एक छोटा ड्रोन आहे. चार्जरच्या एका चॅनलची करंटची मर्यादा १५ अँपिअर. ४एस पूर्ण भरताना १६.८ व्होल्ट. पंधरा गुणिले १६.८, २५२ वॅट. म्हणजे बॅटरी कितीही मोठी लावली, तरी ४एसवर हा चॅनल ३०० वॅट देऊ शकत नाही. तिथे वॅटच्या आधी अँपिअर आडवे येतात. सेल कमी तर करंटची मर्यादा आधी लागते, सेल जास्त तर वॅटची.

डीसीकडे वळल्यावर

आमची गरज आता स्पष्ट होती. दोन बॅटऱ्या, प्रत्येकी १० अँपिअर, एकूण आउटपुट ५०४ वॅट. चार्जरची डीसीवरची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर इनपुटला ५६० वॅट हवेत.

पायलटची पहिली सूचना गाडीच्या बॅटरीची होती. १२ व्होल्टला चार्जर २५ अँपिअरपेक्षा जास्त ओढणार नाही, ही त्याची इनपुटची मर्यादा. बारा गुणिले पंचवीस, ३०० वॅट आत, २७० बाहेर. एसीपेक्षा फक्त तीस वॅट जास्त. त्यात गाडीची बॅटरी भाराखाली साडेअकरावर येते, मग हे २७० सुद्धा २६० च्या खाली जातात. आणि तासभर २५ अँपिअर काढल्यावर ती गाडी सुरू करू शकेल याची खात्री कोण देणार? ते आम्ही केलं नाही.

‘३०० वॅट गुणिले दोन’ या ओळीचा खरा अर्थ इथे कळला. ६०० वॅट बाहेर हवेत तर ६६७ आत हवेत. २५ अँपिअरच्या मर्यादेत ६६७ वॅट आत घ्यायचे तर इनपुट २६.७ व्होल्टच्या वर पाहिजे. २४ व्होल्टला हा चार्जर ६०० वॅट आत घेतो आणि ५४० बाहेर देतो, त्याहून जास्त नाही. म्हणजे खोक्यावरचा आकडा गाठायला जवळपास २७ व्होल्टचा डीसी सप्लाय लागतो. आमची गरज ५०४ची होती, म्हणून २४ व्होल्ट पुरत होते.

कपाटात २४ व्होल्ट, १५ अँपिअरचा एक पॉवर सप्लाय होता. ३६० वॅट. मी म्हटलं, तात्पुरता लावून बघू. दोन्ही चॅनल सुरू केले. करंट चढायला लागला, सहा, सात, साडेसात, आणि सप्लायचा हिरवा दिवा विझला. चार्जरने एक लांब बीप दिली. सेकंदाभरात दिवा पुन्हा लागला, चार्जर पुन्हा सुरू झाला. बॅटऱ्या काढेपर्यंत दिव्याचं हे विझणं-लागणं चालूच राहिलं.

सप्लायची क्षमता चार्जरला कळत नाही. त्याला फक्त स्वतःची २५ अँपिअरची मर्यादा माहीत असते, आणि तो तिथपर्यंत मागत राहतो. म्हणून अशा चार्जरांच्या मेनूमध्ये इनपुटच्या दोन मर्यादा असतात, कमाल पॉवर आणि किमान व्होल्टेज. बहुतेक जण तिकडे फिरकतही नाहीत. कमाल इनपुट ३२० वॅटवर ठेवल्यावर तोच सप्लाय शांतपणे चालला, प्रत्येक चॅनलला १४४ वॅट देत. किमान व्होल्टेजची मर्यादा बॅटरीवरून चार्ज करताना लावायची असते, म्हणजे तिचा व्होल्टेज फार खाली गेला की चार्जर ओढणं थांबवतो.

मग २४ व्होल्ट, ३० अँपिअरचा सप्लाय आणला. ७२० वॅट. गरज ५६०ची असताना तेवढ्याचाच घेतला नाही, कारण सप्लाय तासन्‌तास पूर्ण भारावर चालवला तर तापतो आणि उन्हात लवकर दम टाकतो. ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवलेला बरा.

तरीही पहिल्या दिवशी करंट दहावर टिकेना. साडेनऊ, नऊ पॉइंट सात, असं खाली-वर. सप्लायच्या टोकांना मीटरवर २४.० व्होल्ट, आणि चार्जरच्या स्क्रीनवर इनपुट २२.३. मधले १.७ व्होल्ट गेले कुठे? वायरला हात लावला तर ती कोमट होती. सप्लाय गाडीत आणि चार्जर टेबलावर ठेवायचा म्हणून कुणीतरी तीन मीटरची दीड चौरस मिलीमीटरची वायर जोडली होती. जाताना तीन आणि येताना तीन, सहा मीटर तांबं, सुमारे ७३ मिलीओहम. २३ अँपिअर त्यातून गेले की १.७ व्होल्ट पडतात आणि ३९ वॅट वायर तापवण्यात जातात. आणि २२.३ व्होल्टला ५६० वॅट हवेत तर २५ अँपिअरच्या किंचित वर ओढावे लागतात, म्हणजे चार्जर स्वतःच्याच मर्यादेला जाऊन टेकत होता. सहा चौरस मिलीमीटरची एक मीटर वायर लावली. पडणारा व्होल्टेज ०.१५ च्या आत आला आणि करंट दहावर स्थिरावला.

या एका वायरीसाठी आमची अर्धी सकाळ गेली. पण इनपुटचा व्होल्टेज चार्जरच्या बाजूला मोजायची सवय तेव्हापासून लागली.

जनरेटरवर

पुढच्या आठवड्यातलं काम वीज नसलेल्या जागी होतं. सोबत १ केव्हीएचा इन्व्हर्टर जनरेटर होता, सतत चालवायची मर्यादा ९०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर). कागदावर भरपूर वाटत होतं. ५६० वॅट सप्लायमधून बाहेर, सप्लायची कार्यक्षमता ८८ टक्के, म्हणजे ६३६ वॅट. नऊशेपेक्षा बरेच कमी.

दोन्ही बॅटऱ्या दहा अँपिअरवर गेल्या आणि जनरेटरचा ओव्हरलोडचा लाल दिवा लागला.

जनरेटरवर लिहिलेले व्हीए आणि सप्लाय खातो ते वॅट एकच नव्हेत. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट ज्या सप्लायमध्ये नसतं, तो करंट सलग न घेता प्रत्येक लहरीच्या टोकाशी झटक्याने घेतो. अशा सप्लायचा पॉवर फॅक्टर, म्हणजे वॅट भागिले व्हीए, ०.६ च्या आसपास असतो. ६३६ भागिले ०.६, १०६० व्हीए. वॅट ६३६ असले तरी जनरेटरच्या वायरीतून आणि ट्रान्झिस्टरमधून करंट १०६० व्हीएचा वाहत होता, आणि तापतात ते करंटने.

त्या दिवशी करंट सातवर आणला. हिशोब ७४० व्हीएवर आला, लाल दिवा गेला, आणि बॅटरी भरायला बहात्तर-पंचाहत्तर मिनिटं लागली. नंतर पॉवर फॅक्टर सुधारणारा सप्लाय घेतला. त्याचा पॉवर फॅक्टर ०.९७ लिहिलाय, आणि तोच जनरेटर आता दहा अँपिअरवर ६६० व्हीएच्या आसपास चालतो. सप्लाय घेताना त्याच्या माहितीपत्रकात ही एक ओळ शोधणं मी कुणालाही आवर्जून सांगेन. घरच्या सॉकेटवर तिचा फरक जाणवत नाही, जनरेटरवर आणि छोट्या इन्व्हर्टरवर लगेच जाणवतो.

जमलेलं वेळापत्रक

उतरलेली बॅटरी गरम असते. तिला सावलीत पंधरा मिनिटं ठेवतो, मगच चार्जरला लावतो. दहा अँपिअरवर ती ५७ मिनिटांत भरते. उड्डाण आणि बदल ३१, गार होणं १५, चार्जिंग ५७, मिळून एका बॅटरीचा फेरा १०३ मिनिटांचा. चार बॅटऱ्या आळीपाळीने उडतात म्हणून तिची पुढची पाळी १२४ मिनिटांनी येते. हाताशी २१ मिनिटं उरतात. प्रत्येक चॅनलला ६२ मिनिटांनी एक बॅटरी येते आणि ती ५७ मिनिटांत बाहेर पडते, म्हणजे तिथे फक्त पाच मिनिटांची सवड आहे. खरी तंगी तिथे आहे. तरीही अकरा उड्डाणं होतात. सहाशे वॅट लागले नाहीत, पाचशेच्या वर कधी गेलो नाही असंच म्हणा.

छोटा तपासणीचा ड्रोन यूएसबी-सीवर भरतो, त्याचंही एक सांगून टाकतो. त्याच्या हबला, म्हणजे बॅटऱ्या भरायच्या डबीला, कुणीतरी १०० वॅटचा अडॅप्टर लावला होता आणि हब ६० वॅटवरच अडकला होता. यूएसबी पॉवर डिलिव्हरीत साध्या केबलला ३ अँपिअरची मर्यादा आहे, २० व्होल्टला ६० वॅट. पाच अँपिअरसाठी आतमध्ये ओळख सांगणारी चिप असलेली केबल लागते. केबल बदलली, प्रश्न मिटला. हब बॅटऱ्या एकामागून एक भरतो, ते मात्र केबलने बदलत नाही.

तीन नंबरची बॅटरी

सगळं बसल्यावरही एक बॅटरी दर वेळी उशीर करायची. तीन नंबरची. बाकीच्या ५७ मिनिटांत, ही पंचाहत्तर, कधी ऐंशी. मी तिच्या शेवटच्या टप्प्यात चार्जरसमोर बसून राहिलो.

सहा सेलचे आकडे स्क्रीनवर वेगवेगळे दिसतात. पाच सेल ४.१९ आणि ४.२० च्या मध्ये होते. दुसरा सेल ४.१३. चार्जर करंट उतरवत होता: चार, अडीच, दीड. पाच सेलना ४.२० च्या वर जाऊ द्यायचं नाही आणि दुसऱ्याला वर आणायचं, म्हणून तो भरलेल्या पाचांमधली ऊर्जा बॅलन्स लीडमधून, म्हणजे प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक वायरींमधून, काढून जाळत होता, सेलमागे फार तर १.२ अँपिअर. वॅटचा आकडा ३० वर होता. सहाशे वॅटच्या यंत्रातून तीस वॅट जात होते आणि ते यंत्र अगदी योग्य वागत होतं. दुसऱ्या सेलचा अंतर्गत रोध बाकीच्यांच्या जवळपास दुप्पट दाखवत होता.

अशा वेळी बॅलन्स करंटचा आकडा पूर्ण वेळ ठरवतो, वॅटचा नाही. पायलटने विचारलं, बॅलन्स न करता सरळ भरली तर? तर एकूण व्होल्टेज २५.२ होईल, पण त्यात दुसरा सेल मागे आणि बाकीचे पाच ४.२० च्या पुढे गेलेले असतील. लायपोच्या आगीची सुरुवात अशाच ठिकाणी होते. बॅलन्स लीड न लावता चार्जिंग करायचं नाही, यावर आमच्याकडे चर्चा होत नाही. त्या बॅटरीवर लाल चिकटपट्टी लावली, ती जमिनीवरच्या चाचण्यांपुरती ठेवली आणि तिच्या जागी नवी बॅटरी आणली.

दहा वॅटची ओळ

पट्टीवरची एक ओळ अजून राहिली होती: डिस्चार्ज १० वॅट गुणिले दोन. तिच्याकडे माझंही लक्ष गेलं नव्हतं.

एका संध्याकाळी चारही बॅटऱ्या भरून ठेवल्या आणि रात्रीतून पाऊस सुरू झाला. काम दहा दिवस पुढे गेलं. लायपो पूर्ण भरलेली ठेवून द्यायची नसते, सेलमागे ३.८० ते ३.८५ व्होल्टवर आणून ठेवायची. नाहीतर आतली रासायनिक झीज वाढते आणि बॅटरी फुगायला लागते. पायलटने चार्जरवर ‘स्टोरेज’ निवडलं आणि सकाळी येऊन बघतो तर पहिल्या दोन बॅटऱ्याही झाल्या नव्हत्या.

बॅटरीत २२२ वॅट-अवर. साठवणीच्या पातळीला यायचं तर त्यातले निम्म्याच्या आसपास, ११० वॅट-अवर, बाहेर काढायला हवेत. चार्जर ही ऊर्जा स्वतःच्या आत जाळून उष्णता करतो आणि ती उष्णता छोट्या पंख्यावर बाहेर टाकायची असते, म्हणून फक्त १० वॅट. ११० भागिले १०, अकरा तास. दोन चॅनलवर चार बॅटऱ्या म्हणजे बावीस तास. भरताना पाचशे वॅट, रिकामी करताना वीस.

आता उन्हात-पावसात अंदाज धूसर असेल तर आम्ही रात्री बॅटऱ्या पूर्ण भरत नाही. सेलमागे ३.८५ वर ठेवतो आणि सकाळी आकाश बघून वरचं भरतो. त्या पातळीपासून दहा अँपिअरवर जेमतेम पाऊण तास लागतो, दोन-दोनच्या जोडीने चारही बॅटऱ्या दीड तासात तयार. पायलट त्यासाठी आठऐवजी साडेसातला येतो, आणि पहिलं उड्डाण तरीही साडेनऊलाच होतं.